उजवीकडचं राहिलं

त्या साली विहिरीतलं आभाळ फार खाली गेलं होतं. काठावर ओणवं होऊन पाहिलं की तळाशी, काळ्या खडकाच्या बेचक्यात, परातीएवढं पाणी दिसे आणि त्यात पांढऱ्या उजेडाचा एक आजारी तुकडा. बहात्तरचा पावसाळा तिसगावजवळच्या या माळावरून नुसती धूळ उडवीत निघून गेला होता. दिवाळी यायच्या आतच बाभळींच्या सावल्या वैशाखातल्यासारख्या बारीक झाल्या होत्या.

विहीर दोघा भावांची होती. थोरला आप्पासाहेब आणि धाकटा गोरक्ष. रान वाटलं गेलं, घरं वाटली गेली, दोन अंगणांच्या मधे काटेरी कुपाटी उभी राहिली. विहीर तेवढी वाटता आली नाही. बैलही दोघांकडे एकेकच उरले होते. थोरल्याचा तांबडा, धाकट्याचा बांडा. मोटेला जोडी लागते म्हणून वारंगुळा चालत आलेला : तांबडा आणि बांडा एका जुवाखाली यायचे, एक दिवस थोरल्याच्या वाफ्यांना पाणी, एक दिवस धाकट्याच्या. भावाभावांत कुपाटीवरून शिव्या होत, पण सकाळी बैल मुकाट्यानं एकमेकांच्या मानेला मान लावून धावेवर, मोट ओढायच्या उतारावर, उभे राहत. त्यांना वाटणी कळवलेली नव्हती.

गोरक्षला एकच मूल होतं. विजयमाला, दहा-अकरा वर्षांची. गेल्या शिमग्यापासून तिची मान डाव्या खांद्याकडे एकाएकी हिसका देऊ लागली होती. हिसक्यामागोमाग जीभ टाळूला लागून सुटे आणि आवाज येई : टक्. कोरडा, सफाईदार. बैल हलवताना माणूस काढतो तोच. पहिल्यांदा गोरक्ष हसला होता. मग त्यानं दटावलं. मग मारलं. मार संपला की हुंदक्यांच्या मधून पुन्हा टक्.

दुसरी गोष्ट राहीबाईच्या, तिच्या आईच्या, आधी ध्यानात आली. डावीकडे झालेलं उजवीकडे झाल्याशिवाय पोरीला पुढं जाता येत नसे. दारातून येताना डाव्या चौकटीला हात लागला तर ती मागं फिरून उजव्या चौकटीला लावी. पाटाच्या दगडावर डाव्या अंगठ्याला ठेच लागली, रक्त आलं, तशी ती लंगडत परत गेली आणि त्याच दगडावर उजवा अंगठा आपटून आली. राहीबाईनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "तसंच ठिवलं तर छातीत काय तरी सरकतं, आई. सगळं एकीकडं वाहून जातं."

राहीबाईनं मग घराला त्या सवयीचा आकार दिला. भाकरी मोडून दोन सारखे तुकडे ताटाच्या दोन्ही कडांना ठेवायचे. दोन वेण्या सारख्याच ओढून घालायच्या. एक सैल राहिली तर दोन्ही सोडायच्या. हातातल्या बांगड्या सारख्या. एक फुटली की दुसऱ्या हातातली आपणच फोडायची, नाहीतर पोरगी दातानं फोडी. शेजारणी म्हणत, राहीला पोर झाली न्हाई, सासू झाली.

गोरक्षचा उपाय वेगळा होता. त्यानं पोरीच्या तोंडात चिंचोका धरायला लावला. चिंचोका असला की जिभेला टाळू सापडत नाही, टक् होत नाही. अर्थात एकानं भागलं नाही. डाव्या गालात एक आला तसा उजव्यात एक हवा. दोन्ही गाल फुगवून ती रानात वावरे, आणि कुपाटीपलीकडून थोरली जाऊ छबूबाई म्हणे, "गोरखच्या घरी माकडीन पाळलीया."

नगरच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, लाल औषधाची बाटली दिली आणि पोर मोठी झाली की जाईल म्हणून सांगितलं. बाटली संपली.

*

विहिरीतला गाळ काढायचा ठरला. मोट सोडून नाड्याला गाळाची पाटी बांधली. आप्पासाहेब स्वतः खाली उतरला, गुडघाभर चिखलात. धाकट्यानं बांधलेली गाठ त्याला पटत नसे. वर गोरक्ष बैलांच्या कासऱ्याशी उभा. खालून हाक आली की बैल हाणायचे, पाटी वर यायची, रिती करून पुन्हा सोडायची. दोघांत तेवढाच शब्द होता.

"हाण."

"हं."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा विजयमाला भाकरीचं फडकं घेऊन बांधावरून आली. उतारावर तिचा पाय ढेकळावरून निसटला. ती पडली नाही, पण तोंड उघडलं आणि उजव्या गालातला चिंचोका फुफाट्यात पडला. तिनं तो शोधला. बोटांनी माती चाळली. सापडला नाही. मग डाव्या गालातलाही तिनं काढून टाकला, कारण एकटा तो गालात राहू शकत नव्हता.

ती धावेपाशी येऊन उभी राहिली. गोरक्ष विहिरीकडे तोंड करून होता. मानेला हिसका आला.

टक्.

बैल हलले. त्यांचं काही चुकलं नाही. गोरक्षनं कासरे ओढेपर्यंत ते आपली चार पावलं चालून गेले होते, आणि विहिरीतून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. आप्पासाहेब पाटीची गाठ आवळत होता. फासात त्याचा डावा हात होता.

त्याला वर काढून, मोट रिकामी होते त्या थारोळ्याच्या दगडावर बसवलं. डाव्या हाताची दोन बोटं चिपाडासारखी झाली होती. गोरक्षनं डोक्याचं मुंडासं सोडून त्यात हात गुंडाळला. पांढऱ्या कापडावर रक्त उमटत गेलं. छबूबाई ऊर बडवीत पळत आली. आप्पासाहेब रडत नव्हता. त्याचा चेहरा गाळाच्या रंगाचा झाला होता.

तेवढ्यात विजयमाला पुढं झाली. तिनं मुंडाशावर हलकंच बोट टेकवलं. मग त्याचा उजवा हात धरला, त्याची तीच दोन बोटं मुठीत घेतली आणि जीव खाऊन दाबली.

छबूबाईनं तिला झिंज्या धरून बाजूला ओढलं.

"बघा. बघा सटवीला. उरलेली बोटं मागती."

"तिचं तसं न्हाई, वैनी," गोरक्ष म्हणाला. "तिला दोन्हीकडं..."

"काय दोन्हीकडं?"

गोरक्ष मुंडाशाची गाठ पुन्हा आवळू लागला.

*

नगरला हात बांधून घेऊन आप्पासाहेब परत आला त्या संध्याकाळी तो कुपाटीशी उभा राहिला. गाठोड्यासारखा बांधलेला हात त्यानं छातीशी धरला होता. राहीबाई अंगणात शेणी थापत होती. तिनं पदर पुढं ओढला.

"गोरख घरात हाय?"

"हायेत," राहीबाई म्हणाली.

गोरक्ष बाहेर आला. थोरला त्याच्याकडे न पाहता बोलला. "उद्यापास्नं माझा तांबडा तुझ्या बैलाशेजारी जुंपायचा न्हाई."

"आप्पा, रोष माझ्यावर धरा. जितराबावर कशाला?"

"तुझ्यावर धरून काय हुतंय? त्वा काय केलंस आजवर, रोष धरावा असं? बायकूनं पोर सांभाळली न्हाई आन् त्वा बायकू."

"वाफा वाळंल माझा. बांड्याला दुसरं काय घालू?"

"मग ऐक. त्या पोरीच्या आंगात बैल हाकनारं कोन तरी हाय. गहिनीनाथ भगत म्हनतो, कानामागं डाग दिला का निघून जातं. आवसंला येनार हाय तो माझ्या दारात. पोरीला आन. डाग पडला का तांबडा घिऊन जा."

"आन् न्हाई आनली तर?"

"तर हातानं शेंद. दोन हात हायेत तुला," आप्पासाहेब म्हणाला आणि आपला बांधलेला हात जरासा वर उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून गोरक्ष आणि राहीबाई पोहऱ्यानं पाणी शेंदू लागले. घासाचा एक वाफा, बांड्यापुरता. त्या सालात बैल जगवायला तेवढंच हिरवं होतं. पहाटे विहिरीवर जायचं, दोर खाली सोडायचा, पोहरा खडकावर आपटत वर यायचा आणि येता येता अर्धा रिता व्हायचा. राहीबाईच्या तळव्यांवर फोड आले, फुटले, त्यांवर पुन्हा आले. पाणी पाटातून वाफ्यापर्यंत पोचायच्या आधी भेगाळलेली मातीच ते पिऊन टाके. पलीकडे छबूबाई उभी राहून बघे. थोरल्याची मोटही बंदच होती. एका बैलावर त्यालाही पाणी निघत नव्हतं. त्याचाही वाफा कडेनं पिवळा पडत चालला होता. पण तो गड्याकरवी बैलाला कडबा विकत आणवी आणि ओट्यावर बसून वाट पाही. अर्धा गाळ निघालेल्या विहिरीत दोघांचं पाणी साचून हिरवं होऊ लागलं.

विजयमालेला आता घराबाहेर पडू द्यायचं नाही असं ठरलं. गोरक्षनं सुताच्या दोरीनं तिचे पाय खांबाला बांधले. दोन्ही पायांना सारखी गाठ, सारखे वेढे; ते करताना त्याला स्वतःची लाज वाटली, की आपण बांधतो आहोत आणि नीट बांधतो आहोत. चिंचोके तोंडात होतेच. तरी भिंतीआडून हिसके ऐकू येत, बांगड्या वाजत.

वाफ्याच्या कडेनं घास पिवळा पडला त्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "नेतो तिला आवसंला."

राहीबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. "न्हाई न्यायची."

"का? आभाळ कोसळंल? माझ्या आईनं मला ल्हानपनी डाग दिला. हे बघ पोटावर. मेलो का?"

"न्हाई मेला. पन चारचौघांत सदरा काढत न्हाई तुमी."

त्यानं सदरा खाली ओढला.

"बैल मेला तर तुझी पोर जुंपू का जुवाला?"

"मला जुंपा."

"तुझ्या लाडानं ही वेळ आलीया. सारखं कर, सारखं कर. एक बांगडी फुटली तर दुसरी फोड. येड्याला येडं शिकवलं त्वा."

"म्या शिकवलं न्हाई. म्या तिला झोपू दिलं. तुमी मारायचा तवा रातभर बसून कोन ऱ्हायचं?"

गोरक्षनं ताट सरकवलं. ते भिंतीला आपटलं आणि डाव्या कडेचा भाकरीचा तुकडा खाली पडला. खांबाशी बांधलेली विजयमाला ते पाहत होती. तिनं आपल्या ताटातला उजव्या कडेचा तुकडा उचलला आणि जमिनीवर ठेवला.

*

अवस सकाळीच कोरडी, राखाडी उगवली. राहीबाई आली नाही. ती नको म्हणाली होती. चुलीपाशी बसून वाटीत खोबरेलात हळद कालवीत राहिली. गोरक्षनं ते पाहिलं. ती वाटी त्याला शिवीपेक्षा जास्त लागली.

थोरल्याच्या अंगणात शेणीचा विस्तव केला होता. गहिनीनाथ भगत उकिडवा बसून त्यात सळई फिरवीत होता. म्हातारा, तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांचा, आपल्या कामात रमलेला. आप्पासाहेब ओट्यावर. छबूबाईनं पोरीला मांडी घालून बसवलं आणि मागून तिचे हात दंडाशी धरले.

"चिंचोके काढ," भगत म्हणाला. "आतल्याला बोलू द्या."

तिनं ते काढले, दोन्ही एकदम, आणि दोन मुठींत एकेक धरले.

"बापानं डोकं धरायचं. हलता कामा नये."

गोरक्ष तिच्यासमोर बसला. त्यानं दोन्ही तळव्यांत तिचं डोकं घेतलं. ते त्याच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. केसांना आदल्या दिवशीच्या तेलाचा वास होता, आणि दोन्ही वेण्या सारख्या ओढलेल्या. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत भीती होती, पण ती नुसती जाळाची नव्हती. कसल्या तरी हिशेबाची भीती होती, जो तिला आधीच दिसत होता.

"दादा, कुठं देनार?" तिनं बापाला विचारलं.

"कानामागं."

"कंच्या?"

त्यानं तिचं डोकं उजवीकडे वळवलं. डाव्या कानामागची कातडी पातळ होती, तिच्याखाली एक निळी शीर धडधडत होती.

सळई टेकली. आवाज अगदी बारीक झाला, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. मग वास. पोरीचं सारं अंग एकदा ताठलं, तिच्या नाकातून काहीतरी फुटल्यासारखा श्वास आला, पण किंकाळी आली नाही. भगतानं सळई उचलली.

"झालं," तो म्हणाला. "सोडा."

गोरक्षनं पकड सैल केली, छबूबाईनंही दंड सोडले. आणि त्याच्या तळहातांत ते डोकं आपणहून फिरलं. हिसका नव्हता तो. सावकाश, जाणून, गव्हाणीकडे जनावर वळावं तसं, विजयमालेनं डोकं डावीकडे वळवलं, उजव्या कानावरची वेणी बाजूला सारली आणि कानामागची कोरी कातडी विस्तवाकडे धरली.

"आता हिकडं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उजवीकडचं राहिलं."

आप्पासाहेब ओट्यावरून म्हणाला, "मागती तर द्या."

"मागती ती न्हाई," भगत म्हणाला. त्यानं सळई पुन्हा विस्तवात घातली. "आतलं मागतंय. डावीकडनं निघालं, उजवीकडं लपलंय. धर रे बाबा डोकं."

गोरक्षनं धरलं नाही.

"धर की," थोरला म्हणाला. "आता कशाला अडतंय? बैल पायजे का नगं?"

"दादा, धर ना," पोरगी म्हणाली. ती त्याचे हात शोधत होती. ते सापडले तसे तिनं आपल्या गालांशी दाबून घेतले. "लवकर. मला सरकतंय. लवकर दे."

गोरक्ष उठला. पोरीला त्यानं कमरेत धरून उचललं, ज्वारीचं पोतं उचलतात तसं, आणि सळईवर पाय दिला. कातडी वहाणेचा वास भाजल्या मांसाच्या वासात मिसळला. राख उडाली. पोरगी त्याच्या खांद्यावरून विस्तवाकडे हात टाकीत होती, त्याच्या पाठीत गुडघे मारीत होती. ज्या जिवाला वाचवायचं तोच सुटायला बघत होता, आणि सुटून जायचं होतं ते जाळाकडे. कुपाटीपर्यंत जाताना त्याला त्याच्या आयुष्यात पेललं नव्हतं एवढं ओझं झालं.

"गोरख," मागून थोरल्याचा आवाज आला, "आता या विहिरीवर तुझा बैल दिसला तर नाडा कापीन."

"कापा," गोरक्ष मागं न पाहता म्हणाला. "जोडी कुठनं आननार तुमी?"

*

त्यानंतरही थोरल्याची मोट चालली नाही. तांबडा एकटाच दावणीला उभा राहू लागला, बांडा इकडे. वाफे दोन्हीकडचे सारखेच वाळले. गोरक्ष खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला, राहीबाई पोहऱ्यानं घरापुरतं पाणी आणी. हिरवा घास संपला तसा बांडा गुरांच्या छावणीत न्यायचं ठरलं.

पोर मात्र थांबत नव्हती. डाव्या कानामागं फोड आला, फुटला, लाल मांस दिसू लागलं. त्याचं तिला काही वाटत नसे. उजवीकडच्या कोऱ्या जागेवर तिचा हात सारखा जाई. तिथं ती नखानं ओरबाडी. एकदा तिला चुलीपुढे उलथनं तापवताना राहीबाईनं धरलं. तेव्हापासून उलथनं, चिमटा, विळी सगळं राहीबाई सोबत रानात घेऊन जाई, पदरात बांधून, चोरीचा माल न्यावा तसं.

दिवेलागणीला ती पोरीला पुढ्यात घेऊन बसे. डाव्या जखमेला खोबरेल-हळद लावी. मग तेवढंच उजवीकडे. पोरीला तेवढ्यानं पुरत नसे. "हिकडं दुखत न्हाई," ती म्हणे आणि रडे.

एके दिवशी राहीबाईच्या तळव्यांतून रक्त येत होतं. बोटं मिटत नव्हती. तिनं वाटी नवऱ्यापुढे सरकवली. कामावरून आलेला गोरक्ष भिंतीला टेकून बसला होता, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ. तो वाटीकडे बघत राहिला.

"म्या?"

"डोकं तुमीच धरलं हुतं," राहीबाई म्हणाली आणि उठून गोठ्याकडे गेली.

विजयमाला त्याच्यासमोर पाठ करून बसली. त्यानं वेणी उचलली. त्याच्या खडबडीत बोटाला हळद लागली. डाव्या जखमेवर त्यानं ते इतकं हलकं फिरवलं की स्वतःचाच श्वास त्याला अडसर वाटला. तरी तिचे खांदे आखडले.

"दुखलं?"

"व्हय. आता हिकडं."

उजव्या कानामागं त्यानं बोट टेकवलं. कातडी नितळ होती, नखांचे ओरखडे सोडले तर.

"दुखत न्हाई, दादा."

त्यानं जरा दाबलं.

"न्हाई दुखत. तेवढंच पायजे. तिकडं दुखलं तेवढंच."

गोरक्षनं दाराकडे पाहिलं. राहीबाई गोठ्यातून परत येऊन तिथं उभी होती, चौकटीला धरून. तो तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. त्या नजरेत माफी नव्हती. मग त्यानं डाव्या हातानं पोरीच्या कपाळाला आधार दिला आणि उजव्या हाताचा अंगठा, घणानं घट्टे पडलेला, कानामागच्या हाडावर ठेवून दाबला. आणखी दाबला. त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं झालं.

तिनं श्वास आत ओढला.

"आता?"

"थोडं आजून."

त्यानं दिलं. तिचे खांदे हळूहळू खाली आले, मानेतली ताठ शीर सैल झाली. "आता झालं," ती म्हणाली.

त्यानं अंगठा उचलला. तिथं एक गोल, लाल ठसा उमटला होता, आणि तो बघता बघता फिका होत चालला होता. उद्या तो दिसणार नव्हता. उद्या पुन्हा द्यावा लागणार होता, परवा पुन्हा, जोवर डावीकडची जखम दुखत राहील तोवर.

मानेला हिसका आला. टक्.

गोठ्यात बांड्यानं पाय उचलला, जुवाखाली तांबडा असे त्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे मान वळवली आणि पुन्हा तिथंच ठेवला.